गाळून आलेली हाक

५ नोव्हेंबर

आलो एकदाचे. टेम्पोतून सामान उतरवताना ह्यांनी टेबलाचा पाय मोडला, पण आज चिडायचं नाही असं मी ठरवलं होतं, म्हणून दोनदाच ओरडले.

दोन खोल्या, स्वयंपाकघराला मोठी खिडकी, आणि नळाला दिवसभर पाणी. दिवसभर! तोटी सोडून मी नुसती बघत उभी राहिले. हे म्हणाले, बंद कर गं तोफे, पहिल्याच दिवशी संपवशील. मी म्हटलं, संपायचं कसं? ते जमिनीत भरायलाच तर आपल्याला इथे ठेवलंय. मग हे हसले. म्हणाले, जन्मभर जमिनीला भोकं पाडली, आता तिला पाणी पाजून फेडतो.

ह्यांचं आयुष्य बोअरच्या गाडीवर गेलं. त्या धडधडीनं चाळिशीच्या आतच दोन्ही कान गेले. डॉक्टर म्हणाला, आतल्या नसाच मेल्यात, यंत्र लावूनही उपयोग नाही. ओठ बघून अर्धं समजतात, अर्धं स्वतःच्या मनाचं घालतात. आणि स्वतः बोलतात ते असं मोठ्यानं की पलीकडच्या रस्त्यावरचा माणूस उत्तर देईल.

म्हणून ही वही. माझं शिक्षण चौथीपर्यंत, तेही धड नाही. पण घरात बोलायला माणूस असून नसल्यासारखा, मग बोलायचं कोणाशी? वही निदान मान डोलवून भलतंच समजत नाही.

७ नोव्हेंबर

ह्या कामावरच्या मॅडम आल्या होत्या जीप घेऊन. पोरगी माझ्या भाचीच्या वयाची, पण हुशार. मला मावशी म्हणते. सगळं फिरवून दाखवलं.

काम असं आहे. नदीचं जास्तीचं पाणी पाटानं मोठ्या तळ्यात येतं. तळ्यातून दगड-वाळूच्या थरातून मोठ्या विहिरीत. ही विहीर पाणी काढायची नाही, घालायची. तिच्या कडेला वीतभर रुंदीच्या फटी आहेत, त्यांतून पाणी जमिनीत जातं. मॅडम त्याला पुनर्भरण म्हणतात. मी म्हणते, जमिनीला पाजणं.

पाजलं तर पाजलं, पण प्यायली किती ते कळायला पाहिजे ना. त्यासाठी विहिरीत आकडे रंगवलेली पट्टी आहे. रोज सकाळी पाट बंद करायचा आणि पाणी पट्टीवरून किती लवकर खाली सरकतं ते बघत बसायचं. तळ्याकाठी पत्र्याची परात आहे. तिच्यातलं पाणी जेवढं आटलं तेवढं उन्हानं प्यायलं. ते वजा करायचं, उरलं ते जमिनीचं.

शिवाय विहिरीपासून आमच्या घरापर्यंत एका ओळीत चार पाइप जमिनीत खोल उतरवलेत. पहिला विहिरीजवळ, चौथा माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीखालीच. फितीच्या टोकाला पालथी पितळी वाटी आहे. ती पाइपात सोडायची आणि कान देऊन ऐकायचं. पाण्याला टेकली की टप्प वाजते. तिथे फीत धरायची, आकडा लिहायचा. खालचं पाणी वर चढतंय की नाही ते त्यावरून कळतं.

कान लागतो, म्हणून नोकरी माझ्या नावावर. हे म्हणाले, मी काय करू? मी ओठ मोठे करून म्हटलं, लुडबूड करू नका, तेवढं केलंत तरी पुष्कळ.

९ नोव्हेंबर

आज मॅडमनी आणि इथल्या पंपवाल्यानं पोत्यांनी मीठ विहिरीत ओतलं. मी म्हटलं, आमटीत चिमूटभर जास्त पडलं तर घरात रामायण होतं, आणि इथे पोती ओतताय! मॅडम हसल्या. म्हणाल्या, मावशी, जमिनीत पाणी किती हळू चालतं ते बघायचंय. मीठ आधी पहिल्या पाइपात येईल, मग दुसऱ्यात, असं करत तुमच्या खिडकीशी. महिना लागेल.

महिना! मी चालत गेले तर पदराला हात पुसेपर्यंत पोचते.

मी विचारलं, वाळूत गाळ अडतो तसं मीठ का नाही अडत? त्या म्हणाल्या, जे नुसतं पाण्यात तरंगतं ते अडतं. जे विरघळलेलं असतं ते जातं.

पंपवाला बरा माणूस आहे. मला वहिनी म्हणतो, ह्यांना दादा. ह्यांच्याशी हातवारे करून गप्पा मारतो. दोघांनी बोअरच्या गाडीची अशी काही नक्कल केली की मीही हसले.

१० नोव्हेंबर

ह्यांनी आज दूध जाळलं. गॅसवर ठेवून बाहेर जाऊन बसले. उतू जाताना चुर्र वाजतं, ते जगाला कळतं, ह्यांना नाही. घरभर धूर. ठसका लागला तो विहिरीवर जाईपर्यंत थांबेना.

आणि विहिरीवर ते बसणं! पाणी पट्टीवरून सरकतं ते मुंगीच्या पावलानं. मला नुसतं बसणं जमत नाही. मग तिथेच कठड्यावर वाकून ह्यांना घातल्या शिव्या. घरी ओरडून काय उपयोग, ऐकणारा कोण? विहीर बाकी ऐकते. काय घुमतं! म्हटलं, अहो, कुठे लक्ष असतं तुमचं, मध्येच खोकले, मग म्हटलं, नाहीसे व्हा एकदाचे, तोंड दाखवू नका मला. पोटभर बोलले. हलकं वाटलं. घरी येऊन ह्यांना गरम चहा दिला.

१४ नोव्हेंबर

रोजचा नेमच झाला आहे. चष्मा कुठेही ठेवणं, ओला टॉवेल गादीवर, माझ्या भावाच्या लग्नात केलेला तमाशा, सगळं विहिरीत. जुनं उकरून उकरून आणते.

गंमत म्हणजे मी बोलायला लागले की पाणी भरभर उतरतं. आधी वाटलं भास. मग मुद्दाम गप्प बसून बघितलं. मुंगीची पावलं. बोलायला लागले, की घटाघटा. मॅडमनी आकडे बघितले आणि खूश. म्हणाल्या, मावशी, आधीचा माणूस असताना विहीर एवढं घेत नव्हती, तुम्ही करता तरी काय? काय सांगणार? म्हटलं, लक्ष ठेवते.

उद्यापासून जास्त बोलीन म्हणते. शाबासकी मला कोणी दिलीये आजवर?

१५ नोव्हेंबर

पहिल्या पाइपात मीठ आलं. मॅडमनी यंत्र दिलंय, पण मी जिभेवर थेंब घेतला. खारट. मॅडमना फोन केला, त्या फोनवरच नाचल्या.

१६ नोव्हेंबर

पहिल्या पाइपात वाटी सोडली. टप्प वाजायच्या आधी काहीतरी बोलल्यासारखं ऐकू आलं. बाई बोलत होती. खोलवरून.

पंपवाला सांगतो, पाणी चढलं की खालची हवा पाइपातून निघते, ती कण्हते. असेल. रात्री पोटात वायू धरतो तेव्हा हेही असेच बोलतात.

२२ नोव्हेंबर

दुसऱ्या पाइपात मीठ. सगळं ठरल्यासारखं चाललंय. हे चौथ्या पाइपापाशी खिडकीखाली स्टूल टाकून ऊन खात बसतात. पाइपाच्या झाकणावर चहाचा कप ठेवतात. मी ओरडते, कप ठेवायला ती जागा आहे का? हे म्हणतात, हो.

२३ नोव्हेंबर

नीट लिहिते.

मीठ काल आलं, आवाज आज. पहिल्या पाइपातही तसंच झालं होतं. मीठ ओतलं नऊ तारखेला, आणि मी विहिरीत बोलायला लागले दहा तारखेला.

दुसऱ्या पाइपाला कान लावला. आधी म्हणाली, अहो. मग खोकली. ठसका होता तो, जळक्या दुधाचा. माझाच. मी जिथे दम घेतला होता तिथे तिने दम घेतला. पण ठसक्यानंतर मी जे बोलले होते ते नव्हतंच. त्या जागी नुसतं परत, अहो. या ना. इतक्या हळू, इतक्या मायेनं, की मी कान काढून घेतला. आवाज माझा आहे. तसं बोलणं माझं नाही. लग्नाच्या पहिल्या वर्षीही मी असं बोलले नव्हते.

मॅडम म्हणाल्या होत्या, तरंगतं ते अडतं, विरघळलेलं जातं. माझं ओरडणं वाळूत अडलं आणि हाक तेवढी पुढे गेली. माझ्या शिव्यांत हे विरघळलेलं होतं, हे मला तरी कुठे माहीत होतं?

आजपासून विहिरीवर तोंड उघडायचं नाही.

२८ नोव्हेंबर

विहिरीनं पिणं जवळपास थांबवलंय. पट्टीवरून पाणी हलत नाही. मॅडम विचारतात, मावशी, काही बदललं का? मी सांगितलं शेवटी. पाइपात माझा आवाज येतो म्हणून सांगितलं. त्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, एकटेपणानं होतं असं, चार दिवस भावाकडे जाऊन या. पहिल्या दोन्ही पाइपांना कानही लावला बिचारीनं. तिला काही ऐकू आलं नाही. येणार कसं, ती हाक आमच्या घरची. निघालीय तीही आमच्याकडेच.

तिसरं आणि चौथं झाकण. एवढंच उरलंय.

मी गप्प आहे, पण रोजचं बोललेलं आधीच जमिनीत आहे. पाठवलेलं परत कसं बोलवायचं? पंपवाल्याला विचारलं, पाणी उलटं ओढता येतं का. तो म्हणाला, वहिनी, विहिरीतलं येईल. लांब गेलेलं नाही येत.

१ डिसेंबर

तिसऱ्या पाइपात. काल मीठ, आज ती.

चौथ्याला कुलूप घातलं. ह्यांचं स्टूल घराच्या पुढच्या बाजूला आणलं. हे विचारतात, का? सांगितलं, तिथे साप निघाला. हसले. म्हणाले, तुला बघून पळाला असेल.

मी स्वतःला समजावते आहे. ह्यांना ऐकू येत नाही. सगळ्या जगात हा एकच माणूस असा आहे की ज्याला त्या आवाजाची भीती नाही. ह्यांचे कान गेले ते बरंच झालं असं पहिल्यांदा वाटलं.

८ डिसेंबर

भावाकडे जाऊ म्हटलं. बॅग भरली. हे ऐकेनात, म्हणाले, नोकरी टाकून जायचं? एवढं चांगलं ऊन, एवढं पाणी. ह्यांच्यापुढे माझं डोकं पहिल्यांदाच चाललं नाही. उद्या पंपवाल्याला सांगून जीप बोलावते. उद्याच.

चौथा पाइप खारट.

९ डिसेंबर

भर दुपारी, कपडे वाळत घालताना बघितलं. हे खिडकीखाली. कुलूप कानशीनं कापलेलं, बोअरवाल्याचा हात, त्याला काय अवघड. जमिनीवर पालथे, गाल पाइपाला टेकवलेला. आणि हसत होते.

मी खांदा धरून हलवलं. ते म्हणाले, थांब जरा. हळू आवाजात म्हणाले. बहिरा माणूस हळू बोलत नाही, त्याला स्वतःचा आवाज कळत नाही म्हणून. ते हळू बोलले, कारण त्यांना काही ऐकायचं होतं.

म्हणाले, तू बोलावते आहेस. म्हणाले, ह्या कानात किती वर्षांनी काही आलं, आणि आलं ते तूच. मी ओठ मोठे करून म्हटलं, मी इथे आहे! ती मी नाही! तर म्हणाले, तूच आहेस. तू इतकं छान बोलतेस आणि वर असताना का बोलत नाहीस?

वर असताना.

१० डिसेंबर

जीप आली. हे बसले नाहीत. पंपवाल्यानं हात धरून ओढलं तर त्याला ढकललं. तो म्हणाला, दादांचं डोकं फिरलंय वहिनी, डॉक्टरला आणतो.

पाइपावर मोठा दगड ठेवला. त्यांनी बाजूला केला.

समोर बसून मी बोलते तर ते डोळे मिटून घेतात. बहिऱ्यानं डोळे मिटले म्हणजे दार लावून आतून कडी घातली. मी गोड बोलायचा प्रयत्न केला. खरंच केला. त्यांच्या हातावर हात ठेवून म्हटलं, अहो, नका ना ऐकू. पण माझं तोंडच तसं झालंय, कपाळाला आठ्या, ओठ वाकडे. त्यांनी डोळे किलकिले करून बघितलं आणि म्हणाले, परत भांडायला आलीस?

११ डिसेंबर

दुपारी विहिरीवर गेले. तोंड उघडायचं नाही ठरवलं होतं, तरी उघडलं. घसा फाटेस्तोवर ओरडले, येऊ नका, ती मी नाही, येऊ नका. पाणी घटाघटा उतरलं. पट्टीचे आकडे एकामागून एक उघडे पडले.

हे ओरडणं खिडकीशी पोचायला महिना. आणि पोचेल तेव्हा वाळूत काय अडेल, पुढे काय जाईल — ते मला माहीत असताना मी हे काय केलं?

मी अजून एक हाक पाठवली.

१२ डिसेंबर

विचारत होते, पाइप अरुंद आहे, मोठं तोंड विहिरीलाच ना? एकच पाणी ना? बोअरवाला माणूस. त्याला कोण फसवणार.

दाराला बाहेरून कडी घालून मोजणीला गेले. उद्या डॉक्टर येतोय. एक दिवस. एवढा एक दिवस जाऊ दे.

१३ डिसेंबर

खिडकीचा गज कापलेला.

विहिरीच्या कठड्यावर चपला. दोन्ही नीट जोडून, पाण्याकडे तोंड करून. पंचवीस वर्षं ओरडले त्या नीट ठेवा म्हणून.

१६ डिसेंबर

पंप लावून विहीर कोरडी केली. तळाला काळा गाळ. गाळात काही नाही. फटी वीतभर रुंद. पंपवाला रडला. म्हणाला, वहिनी, ह्यातून माणूस जात नाही.

पोलीस म्हणतात, कुठेतरी निघून गेले असतील. मॅडम म्हणाल्या, मावशी, तुमची दुसरीकडे सोय करते. मी नाही म्हटलं. त्यांना कारण सांगितलं नाही.

मला दिवस मोजता येतात. मीठ किती हळू चालतं, मला माहीत आहे.

१९ डिसेंबर

पहिला पाइप. वाटी सोडली. खालून — पुरुष. ह्यांचाच. ओळखला. घसा खाकरायची सवय ह्यांची, ती आधी ऐकू आली.

२६ डिसेंबर

दुसरा. अगं म्हणतात. तोफे नाही. अगं.

त्या दुपारचं सोडलं तर हा माणूस जन्मात माझ्याशी हळू बोलला नाही. कान नव्हते, जमलं नसतं. आता जमतंय.

३ जानेवारी

तिसरा. वाटी टप्प वाजली नाही. कुणी तळहातात झेलावी तशी — अलगद — आणि मग सोडली. फीत वर घेतली. कोरडी. कोमट.

मॅडम उद्या कोणाला तरी पाठवणार आहेत माझ्या सोबतीला. नको म्हणून सांगितलं.

८ जानेवारी

जेवण नाही. गॅस लावत नाही, चुर्र आवाजात ऐकू यायचं नाही. खिडकीखाली बसते. ह्यांच्याच स्टुलावर.

एक गोष्ट नीट लिहून ठेवते, वाचणाऱ्याला उपयोग होईल. ही हाक खरी नाही. म्हणजे आवाज खरा आहे, पण पूर्ण नाही. मी नाहीसे व्हा म्हटलं तर खाली, या ना, पोचलं. मग ते खाली काय म्हणत असतील? ह्यांचा स्वभाव मला माहीत आहे. ते ओरडत असणार. जीव तोडून ओरडत असणार, येऊ नकोस, तोफे, पळ. ते सगळं वाळूत अडणार. इथवर येणार ती नुसती —

११ जानेवारी

सकाळ. ऊन आलंय. झाकण उघडलं.

आले.

अगदी वर आलेत, कडेपाशी. वाटी सोडायची गरज नाही. माझं नाव घेतलं. लग्नानंतर कधी घेतलं नव्हतं — मीच विसरले होते ते —

मला कळतंय. वाळू काय करते मला पूर्ण कळतंय. ह्या गोड बोलण्याच्या मागे ते मला थांबवतायत. पळायला सांगतायत. मी पळायला पाहिजे.

पण इतक्या मायेनं मला कोणी —

पाइप अरुंद आहे. मोठं तोंड विहिरीला. चपला काढून नीट ठेवते, नाहीतर खाली गेल्यावर तेच मला —

हो हो, ऐकलं, आले, एवढी ओळ पुरी —